वणवा विझल्यावर जंगलात काय उगवतं?

बचत गटाच्या कार्यक्रमात आपण आजवर कर्जाच्या हप्त्यांबद्दल, शेळीपालनाबद्दल, परसबागेबद्दल बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या सगळ्यांच्या घरखर्चाशी जोडलेला आहे. पूर्व विदर्भात आपल्या गावांच्या चुली, गोठे आणि उन्हाळ्यातला हातात येणारा पैसा जंगलावर चालतो. मोहफूल, तेंदूपत्ता, चारोळी, आवळा, हिरडा, बेहडा, बांबू, सरपण, गवत. यातलं काय पुढच्या वीस वर्षांत राहील आणि काय जाईल, हे बऱ्याच अंशी वणव्यानंतर आपण काय करतो यावर ठरणार आहे.

वणवा लागला की विझवायचा कसा, यावर बरंच बोललं जातं. विझल्यानंतर त्या जागी काय उगवतं, याकडे मात्र कुणी बघत नाही. पहिला पाऊस पडला की सगळं हिरवं दिसतं आणि आपण म्हणतो, “जंगल सुधारलं.” आमच्या गटांच्या बैठकीत हाच विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, “हिरवं आहे गं, पण त्यातलं खायचं काय आणि विकायचं काय?” आजचं सगळं बोलणं त्यांच्या या प्रश्नावर आहे.

आग नेमकं काय मारते?

आपलं जंगल पानझडीचं आहे. हिवाळा संपता संपता पानं गळतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर साचतो. त्यात ठिणगी पडली की आग जमिनीलगत सरकत जाते. आपल्याकडे ती सहसा झाडांच्या शेंड्यापर्यंत चढत नाही. मोठ्या मोहाची साल जाड असते, सागही तग धरतो, पळसाला तर काही होत नाही असंच वाटतं. म्हणून लांबून बघणाऱ्याला जंगल शाबूत दिसतं.

पण खाली वाकून बघा. गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं जळालेली असतात. म्हणजे आग म्हाताऱ्या झाडांना सोडते आणि लेकरांना नेते. एका वर्षी असं झालं तर फार बिघडत नाही. दरवर्षी किंवा एकाआड एक वर्षी झालं तर जंगलात फक्त मोठी झाडं उरतात, त्यांच्यामागे तरुण पिढी नसते. मोठी झाडं वयानं पडायला लागली की मग आपल्या लक्षात येतं.

काही झाडं यातून वाट काढतात. तेंदू, पळस, साग यांच्या मुळांत ताकद साठलेली असते. वरचा भाग जळाला तरी पावसात बुडातून नवा फुटवा येतो. पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आग आली तर तो फुटवाही जातो. मूळ जिवंत, पण झाड गुडघ्याच्या वर जात नाही. दहा दहा वर्षं झाड जमिनीलगतच अडकून पडतं. त्या फुटव्याला लागोपाठ काही वर्षं आगीविना मिळाली, त्याचा शेंडा ज्वाळेच्या वर गेला आणि साल जाड झाली, तरच तो झाड होतो. चारासारख्या झाडांची कोवळी रोपं तर आगीत फार टिकतच नाहीत. म्हणून वारंवार जळणाऱ्या जागेत तेंदूची झुडपं वाढत जातात आणि चार, आवळा, मोहाची नवी रोपं दिसेनाशी होतात.

दुसरं नुकसान मातीचं. पालापाचोळा कुजला तर तो खत होतो, आणि पावसाचं पाणी धरून ठेवतो. तो जळाला की उघड्या जमिनीवर पहिल्या सरी थेट आपटतात. राख आणि वरची माती नाल्यात वाहून जाते. उतारावर हे लवकर होतं. ज्या टेकडीच्या माथ्यावर आता नुसता मुरूम दिसतो, तिथे बी पडलं तरी रुजायला माती नाही. अशा जागेत आग थांबवली तरी पूर्वीचं जंगल आपोआप परत येत नाही. जंगलाचा चेहरा कायमचा बदलतो, तो असा.

घाणेरी आणि रानतुळस

मोकळ्या झालेल्या जागेवर पहिली धाव कुणाची, तर घाणेरीची. कुठे हिला टणटणी म्हणतात, कुठे रायमुनिया. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी भारतात आणलं. फुलं सुंदर, कुंपणाला चांगलं, गुरं खात नाहीत. बुलबुलासारखे पक्षी काळी फळं खातात आणि झाडांवर बसून खाली बी टाकतात. त्यामुळे मोठ्या झाडाखाली घाणेरीची गर्दी सर्वांत आधी होते.

घाणेरीचं आणि आगीचं जमतं, हे लक्षात ठेवा. तिच्या वाळक्या काड्यांचा ढीग उन्हाळ्यात पेटला की आग नेहमीपेक्षा उंच आणि जास्त तापलेली असते. नुसत्या पाल्याच्या आगीत वाचलं असतं असं झाड या आगीत होरपळतं. घाणेरी स्वतः मात्र बुडातून पुन्हा फुटते. झाडं गेली, ऊन खाली आलं, घाणेरी आणखी पसरली, पुढच्या वर्षी आणखी मोठी आग. या फेऱ्यात सापडलेली जागा आपण काही केलं नाही तर सुटत नाही. रानतुळसही अशीच. पावसात छातीएवढी वाढते, हिवाळ्यात वाळून उभी राहते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत.

मग सगळी आग वाईट का?

हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला आणि त्याचं उत्तर सरळ “हो” असं नाही. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन डोंगर आहेत. तिथे सोलिगा आदिवासी राहतात. ते पूर्वी पानगळीच्या सुरुवातीलाच, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, गारवा असताना पाल्याला हलकी आग लावत. पाला फार साचलेला नसल्यामुळे ही आग थोडी आणि थंड असायची. १९७४ साली तिथे अभयारण्य झालं, पुढे ही पद्धत बंद झाली. सोलिगा लोकांचं म्हणणं असं, की आमची छोटी आग थांबली आणि घाणेरी माजली. अभ्यासकांनीही त्यांच्या या म्हणण्याची गंभीरपणे दखल घेतली आहे. आज तिथे घाणेरी इतकी झाली आहे की पूर्वीसारखी हलकी आग लावायची म्हटलं तरी ती हलकी राहणार नाही.

यातून आपण काय घ्यायचं? आग कधी लागली, किती पाल्यात लागली आणि किती वर्षांनी लागली, यावर सगळं अवलंबून असतं. वनविभागही हिवाळ्यात जाळरेषेतला पाला जाळून पट्टा मोकळा करतो. पण एप्रिलच्या भर उन्हात, वारा सुटलेला असताना, दरवर्षी त्याच जागी लागणारी आग ही कुठल्याच जुन्या शहाणपणात बसत नाही. आणि कुणी सोलिगांचं उदाहरण ऐकून उद्या काडी लावू नका. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे.

एकच जंगल, तीन उत्तरं

वणव्यानं बदललेलं जंगल जगात अनेक ठिकाणी लोकांना विचार करायला लावतंय. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात २०११ साली लास कोंचास नावाचा वणवा लागला. दीड लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळालं. तिथलं पाइनचं झाड मुळातून फुटत नाही, ते बियांवरच येतं, आणि बी माय-झाडापासून फार लांब जात नाही. मोठ्या टापूत एकही माय-झाड उरलं नाही, तिथे झुडपं आणि गवत आलं आणि तेच राहिलं. तेव्हा तिथल्या जंगल सांभाळणाऱ्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारायची पद्धत लावून घेतली. बदल थोपवायचा का? बदल मान्य करायचा का? की बदलाला आपल्याला हवी ती दिशा द्यायची?

आपलं जंगल वेगळं, झाडं वेगळी. पण हे तीन प्रश्न आपल्यालाही उपयोगी आहेत, कारण आपले हात मोजके आणि दिवस मोजके. सगळीकडे सगळं करता येत नाही. जंगलात फेरी मारून जागांचे तीन भाग करा.

पहिला भाग, जिथे माय-झाडं अजून उभी आहेत आणि माती शिल्लक आहे. नाल्याचे काठ, ओल धरणारे खोलगट भाग, मोह आणि चाराची जुनी झाडं असलेल्या जागा. इथे पूर्वीचं जंगल परत आणता येतं आणि फार लावायचीही गरज नसते. बी पडतं, मुळं जिवंत आहेत. फक्त आग आणि चराई काही वर्षं बाहेर ठेवायची. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त मिळतं ते इथे, म्हणून सुरुवात इथूनच करा.

दुसरा भाग, जिथे तेंदूची झुडपं, पळस, गवत आणि मध्ये मध्ये घाणेरी आहे, मोठी झाडं तुरळक आहेत. इथे जुनं जंगल जसंच्या तसं येणार नाही, पण आपल्याला उपयोगी असं जंगल घडवता येतं. घाणेरी काढून तिथे मोह, चार, आवळा, बेहडा, बांबू यांचं बी टोचायचं. मधल्या पट्ट्यात चांगलं गवत येऊ द्यायचं आणि ते वाळायच्या आधी कापून न्यायचं. गवत गोठ्यात गेलं म्हणजे आगीचं खाद्य कमी झालं.

तिसरा भाग, माती गेलेले माथे. इथे खड्डे खणून रोपं लावण्यात मजुरी वाया जाते. गवत आणि झुडूप आहे ते राहू द्या, माती आणखी जाऊ नये म्हणून उताराला आडवे दगडी बांध घाला. पळस असेल तर लाखेचा विचार करता येतो, कारण पळसावर लाखेचा किडा पोसला जातो. आज तिथे जंगल नाही, पण माती थांबली तर पुढच्या पिढीला काहीतरी करता येईल.

हे तीन भाग ठरवताना वाद होतो आणि व्हायलाच हवा. कुणाची शेळी जिथे चरते, कुणाचा मोह जिथे आहे, त्या बाईला ती जागा पहिल्या भागात हवी की दुसऱ्या, हे ती सांगेल. नकाशा ऑफिसात काढण्यापेक्षा जंगलात चालून काढा. सोबत म्हाताऱ्या बायांना घ्या. कुठल्या जागी पूर्वी काय होतं, हे त्यांनाच ठाऊक आहे.

घाणेरी कशी काढायची?

कुऱ्हाडीनं वरून तोडली तर ती दुप्पट फुटते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी एक सोपी रीत दाखवली. जमिनीखाली चार बोटं, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं, तिथे कुदळीनं मुख्य मूळ तोडायचं. मग झाड उपटून उलटं, मुळं वर करून ठेवायचं. असं केलं की ते पुन्हा रुजत नाही. फुलं-फळं यायच्या आधी, जमीन ओली असताना हे काम हलकं होतं.

पण काम एवढ्यावर संपत नाही. जमिनीत बी पडलेलं असतं. पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढच्या पावसाळ्यात घाणेरीची रोपं उगवतात, ती हातानं उपटावी लागतात. निदान दोन-तीन पावसाळे हे करावं लागतं. आणि मोकळी केलेली जागा मोकळी ठेवायची नाही. तिथे लगेच गावरान गवताचं आणि झाडांचं बी टाकायचं, नाहीतर रानतुळस येऊन बसते. म्हणून पहिल्या वर्षी दहा एकराला हात घालू नका. गटाला तीन वर्षं सांभाळता येईल एवढाच तुकडा घ्या.

काढलेल्या घाणेरीचं काय? कर्नाटकातच मले महादेश्वर डोंगरातले सोलिगा कारागीर तिच्या काड्यांपासून खुर्च्या-टेबलं बनवतात. आपल्याकडे निदान कुंपण आणि सरपण होतं. तिचा ढीग जंगलात वाळत ठेवू नका, तो पुढच्या आगीचं सरपण होतो.

अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर गाव आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या लोकांनी उजाड झालेली टेकडी राखली, घाणेरी काढली, आणि त्याच जंगलातली सीताफळं गावानं एकत्र विकली. २०१४ साली त्यांच्या कामाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा आम्हाला महत्त्वाचं हे वाटतं, की राखणीतून खाण्याविकण्याचं फळ हाती आलं.

मोहफूल आणि तेंदू : काडी कोण लावतं?

आता अवघड गोष्ट. आपल्या जंगलातल्या बऱ्याच आगी आकाशातून पडत नाहीत. मोहाखालचा पाला साफ व्हावा, फुलं नीट दिसावीत म्हणून बुंध्याशी काडी लावली जाते आणि ती आग तिथेच थांबत नाही. तेंदूला कोवळं पान यावं म्हणून झुडपं पेटवली जातात. याशिवाय विडी-सिगारेटचं थोटूक, रस्त्याकडेला केलेला स्वयंपाक, शेतातला धसकटांचा जाळ हेही आहेच. एप्रिल-मे मध्ये घरात पैसा नसतो आणि तेंदूचा आणि मोहाचा पैसाच पेरणीला लागतो. त्यामुळे “आग लावू नका” एवढं सांगून कुणी ऐकत नाही आणि ऐकावं अशी अपेक्षाही नाही. त्याच कामाची दुसरी रीत हातात द्यावी लागते.

मोहासाठी : फुलं पडायच्या आठवडाभर आधी झाडाखालचा पाला खराट्यानं झाडून खत-खड्ड्यात न्यायचा. जमलं तर झाडाखाली हिरवी जाळी किंवा जुनी लुगडी जोडून बांधायची. जाळीत पडलेल्या फुलाला माती-राख लागत नाही, ते खाण्यासाठी स्वच्छ असतं आणि वाकून एकेक फूल वेचायचा त्रास वाचतो. एका घराला जाळी परवडत नसेल तर गटानं मिळून घ्यावी आणि पाळीपाळीनं वापरावी. स्वच्छ फूल वेगळं वाळवून वेगळं विकलं तर भाव मागता येतो.

तेंदूसाठी : फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत धारदार विळ्यानं छाटायची. साधारण दीड महिन्यात नवी कोवळी पानं तोडणीला येतात. मुळातून येणारा फुटवा दोन्ही रीतींत तोच असतो. फरक एवढाच, की छाटणीत शेजारचं चाराचं रोपटं जिवंत राहतं. छाटणीला मजुरी लागते, हे खरं. ती पानाचा सौदा करतानाच ठरवून घ्यावी. ज्या ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करतात, त्यांनी ठेकेदाराशी होणाऱ्या करारात “आग लागलेल्या जागेतलं पान घेणार नाही” अशी अट घालून घेता येते.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावानं याच्या पुढचं पाऊल टाकलं. २०१२ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूसाठी फांद्या तोडल्या जातात आणि आगी लागतात, म्हणून त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद करायचं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. ज्यांच्याकडे बांबू नाही, त्यांनी तेंदू कसा सोडायचा? पण पैसा आणि जंगल यांचा हिशोब गावानं एकत्र बसून केला, ही गोष्ट सगळ्यांना घेण्यासारखी आहे.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै : मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत त्याची उगवण जाते. म्हणून वेचल्या वेचल्या ताजं बी पहिल्या चांगल्या पावसात टोचा. घाणेरीची मुळं तोडण्याचं कामही याच काळात.

ऑगस्ट-सप्टेंबर : घाणेरीची आणि रानतुळशीची रोपं उपटा. रानतुळशीला बी धरायच्या आधी कापा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : गवत कापणी. जिवंत फुटव्यांची निवड. एका बुडाला सात-आठ फुटवे असतील तर एक-दोन सरळ, जोमदार ठेवा, बाकीचे छाटा. ठेवलेला फुटवा लवकर उंच होतो आणि आगीच्या वर जातो.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य : राखलेल्या तुकड्याभोवती जाळरेषा स्वच्छ करा. पाला दोन्ही बाजूंना न लोटता बाहेर काढा. वनविभाग हंगामी मजूर घेतो, त्या कामात बायांनाही घ्यावं ही मागणी वनरक्षकाकडे आताच नोंदवा.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत : आगीचा हंगाम. पाळीनं गस्त. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आग पकडते आणि नोंदणी केलेल्यांच्या मोबाईलवर संदेश पाठवते. गावातल्या एका-दोघींनी ही नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आग विझवायला जाताना एकटीनं जाऊ नका. नायलॉनची साडी अंगाला चिकटते, सुती कपडे घाला, पदर खोचा, पायात बूट किंवा जाड चप्पल हवी. आग चढावर वेगानं धावते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला उभं राहू नका. परत यायची वाट आधी बघून ठेवा. ओल्या डहाळ्यांनी बाजूनं झोडपत या, समोरून नाही. गरोदर बाई, दम्याचा त्रास असलेली बाई यांनी गावात थांबून फोनचं आणि पाण्याचं काम बघावं. जंगल पुन्हा येतं, माणूस येत नाही.

मोजल्याशिवाय कळत नाही

दरवर्षीच्या हिरवळीनं फसायचं नसेल तर मोजायला हवं. त्यासाठी वनस्पतीशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असे दोन चौकोन दोरीनं आखा. एक राखलेल्या तुकड्यात, एक बाहेर. चार कोपऱ्यांवर दगड रंगवून ठेवा. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात, आतली रोपं मोजा. वहीत झाडाचं गावातलं नाव आणि तीन रकाने : गुडघ्याखाली, गुडघा ते डोकं, डोक्याच्या वर. तिसऱ्या रकान्यातला आकडा वाढतोय का, तेच बघायचं. पहिल्या रकान्यात शंभर रोपं आणि तिसऱ्यात वर्षानुवर्षं शून्य, याचा अर्थ आगीच्या सापळ्यातून एकही झाड सुटलेलं नाही.

आमच्या काही गटांनी ही वही सुरू केली आहे. हप्त्याची वही जशी लिहितो तशीच. शाळेतल्या मुली मोजायला येतात, आजी नावं सांगतात. आणि ग्रामसभेत बोलताना “जंगल कमी झालंय” असं मोघम म्हणण्यापेक्षा वही उघडून दाखवली की पुरुषमंडळीही गप्प बसून ऐकतात.

हे कुणाच्या अधिकारात?

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नुसार ग्रामसभेला आणि हक्कधारकांना जंगलाचं, वन्यजीवांचं आणि जैवविविधतेचं संरक्षण करण्याचा अधिकार आहे. त्यासाठी नियमांप्रमाणे ग्रामसभेनं समिती नेमायची असते. या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत निदान एक-तृतीयांश बाया हव्यात. म्हणजे आपण गेलो नाही तर सभा पूर्णच होत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर अनेक गावांनी तो मिळवला. ज्यांना मिळालाय त्यांनी व्यवस्थापन आराखड्यात वणव्यानंतरच्या कामाचं एक पान घालून घ्यावं. ज्यांना मिळाला नाही, त्यांनी वनव्यवस्थापन समितीतून सुरुवात करावी. बांध-बंदिस्ती आणि झाडं लावण्याची कामं रोजगार हमीत बसतात, ती गावाच्या आराखड्यात मागा. फुकट राबण्याचा आग्रह कुणी आपल्याला करू नये आणि आपणही एकमेकींना करू नये.

शेवटी एक खरं बोलायला हवं. आज टोचलेल्या मोहाच्या बीला फूल यायला दहाएक वर्षं लागतात, भरपूर फूल यायला त्याहून जास्त. आपल्यातल्या काही जणींना ते वेचायला मिळणार नाही. आणि राखलेल्या तुकड्यात पहिली काही वर्षं शेळ्या नेता येणार नाहीत, त्याचा फटका ज्यांच्याकडे जमीन नाही त्या बायांना आधी बसतो. म्हणून तुकडा ठरवतानाच त्यांच्या चाऱ्याची सोय ठरवा. कापलेल्या गवतात त्यांचा पहिला वाटा ठेवा. गवत कुणाला किती, हे लिहून ठेवलं नाही तर राखण मोडते, आणि ती मोडल्यावर रात्री कुणीतरी काडी लावतं.

तर पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढे चार प्रश्न घ्या. आपल्या जंगलातली कुठली जागा गेल्या तीन वर्षांत एकाहून जास्त वेळा जळाली? तिथे माय-झाडं उरली आहेत का? तीन वर्षं सांभाळता येईल असा केवढा तुकडा आपण घेऊ शकतो? आणि तो घेतल्यावर कुणाचं नुकसान होतं, ते कसं भरून द्यायचं? उत्तरं वहीत लिहा आणि ती वही घेऊन ग्रामसभेला चला.

तुमच्या गावच्या मोजणीचे आकडे आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात त्यावरच बोलू.